ज्याला विचारता येते असा माणूस
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत सामुदायिक आरोग्य विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत बोलण्याची संधी मिळाली की प्रत्येक विभाग आपले सर्वांत दर्शनी काम सभेपुढे मांडतो, आणि ते योग्यच आहे. नवे यंत्र आले, नवा कक्ष उघडला, शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तर त्याचे छायाचित्र अहवालात छापता येते आणि देणगीदारांना आपल्या दानाचे सार्थक झालेले डोळ्यांनी पाहता येते. आम्ही आज ज्या कामाविषयी बोलणार आहोत, त्याचे एकही छायाचित्र या अहवालात नाही. ते आम्ही काढलेले नाही, काढणारही नाही. त्यात काम करणाऱ्यांची नावेही आम्ही सांगणार नाही. हे काम आहे कामगार पुरुषांमध्ये, त्यांच्याच सोबत्यांच्या मार्फत, एचआयव्हीच्या प्रतिबंधाचे.

गेल्या काही वर्षांत अनेक हितचिंतकांनी आम्हांला विचारले, ‘एड्स अजून आहे का?’ प्रश्न प्रामाणिक आहे. एके काळी रेल्वे स्थानकांवर, बसच्या पाठीवर, दूरदर्शनवर सर्वत्र दिसणारा हा विषय आता वर्तमानपत्रांतही क्वचितच येतो. परंतु विषय नजरेआड झाला म्हणून विषाणू गेला असे होत नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार आपल्या देशात २५ लाखांहून अधिक व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत, आणि राज्यवार पाहता ही संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. त्या एका वर्षात देशात नव्याने लागण झालेल्यांची संख्या ६० हजारांहून अधिक होती. प्रौढ लोकसंख्येतील प्रमाण सुमारे ०.२ टक्के, म्हणजे हजारी दोन एवढेच असले, तरी ज्या घरात तो एक माणूस असतो त्या घराला टक्केवारीचा आधार वाटत नाही.

या चाळीस वर्षांचा प्रवास थोडक्यात आठवावा. १९८६ साली चेन्नईत भारतातील पहिली लागण प्रयोगशाळेत आढळली. १९९२ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९९८ मध्ये मुंबईसाठी मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. १ एप्रिल २००४ रोजी शासनाने मोफत एआरटी उपचार देण्यास प्रारंभ केला, आणि पहिल्या केंद्रांमध्ये आपल्या शहरातील जे. जे. रुग्णालय होते. तोपर्यंत हा आजार म्हणजे मरणाची चिठ्ठी असा समज होता, आणि ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्यासाठी तो समज खोटाही नव्हता. २०१७ पासून निदान होताच, रोगप्रतिकारशक्ती किती उतरली याची वाट न पाहता, प्रत्येकाला उपचार देण्याचे धोरण आहे. नियमित औषध घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्तातील विषाणू तपासणीत न दिसण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता विज्ञानाने निःसंशय सिद्ध केले आहे.

म्हणजे तपासणी मोफत आहे, औषध मोफत आहे, आणि ते गुणकारी आहे. मग माणूस येत का नाही? आमच्या आजच्या बोलण्याचा विषय हा एवढाच प्रश्न आहे.

देवनारचे नाव काढताच मुंबईकराला दोन गोष्टी आठवतात : १९२७ पासून शहराचा कचरा पोटात घेणारे क्षेपणभूमीचे डोंगर आणि १९७१ मध्ये सुरू झालेला महापालिकेचा पशुवधगृह. त्यांच्याभोवती, शिवाजीनगर, बैंगनवाडी, गोवंडी, मानखुर्द आणि चिता कॅम्पपर्यंत, शहराचे कष्ट उपसणाऱ्यांची वस्ती आहे. येथे कचऱ्यातून भंगार वेचणारे आहेत, माल चढविणारे-उतरविणारे हमाल आहेत, टेम्पो आणि ट्रकचे चालक व क्लीनर आहेत, नाक्यावर उभे राहणारे बिगारी आहेत, माळ्यावरच्या कारखान्यांत लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर दिवसभर मान वाकवून जरीकाम करणारे कारागीर आहेत. बकरी ईदच्या आधी राजस्थानातून, मध्य प्रदेशातून, उत्तर प्रदेशातून जनावरांचे ट्रक येथे लागतात आणि काही आठवड्यांपुरती एक वेगळीच पुरुषांची वस्ती उभी राहते.

यांतील कित्येक जण कुटुंब गावी ठेवून आले आहेत. जेथे काम तेथेच झोप, हा कारखान्यांचा रिवाज. दहा-बारा जणांनी एका खोलीत राहायचे, सकाळी आठापासून रात्री नऊपर्यंत राबायचे, आठवड्याची एक सुट्टी घ्यायची, आणि वर्षातून एकदा गावी जायचे. या जीवनाला आम्ही नावे ठेवीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, सरकारी वा धर्मादाय दवाखान्याची सकाळी नऊ ते दुपारी बाराची वेळ आणि या माणसाचा दिवस यांची गाठ पडत नाही. दवाखान्यात यायचे म्हणजे एक खाडा, एका दिवसाची मजुरी बुडणे, आणि शेठला व मुकादमाला कारण सांगणे. ताप असेल तर कारण सांगता येते. जे सांगता येत नाही त्याचे काय?

त्यात हा केवळ त्या पुरुषाचा प्रश्न नाही. पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या स्त्रियांचा अभ्यास राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला आणि तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ज्या स्त्रिया देहविक्रय करीत नव्हत्या, त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. त्यांच्यापैकी बहुसंख्य विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध आलेला नव्हता. ज्या घरात कुंकवाचा धनी हाच सर्वांत मोठा आधार मानला जातो, तेथे आजाराने त्याच दाराने प्रवेश केला होता. म्हणून आमच्या रुग्णालयातील माता-बाल संगोपनाचे काम आणि कामगार पुरुषांमधील हे काम वेगळे आहे असे आम्ही मानीत नाही.

पुरुषांपर्यंत पोहोचण्याचे प्रयत्न या शहरात कमी झालेले नाहीत. २००२-०३ मध्ये मुंबईभर लागलेले ‘बलबीर पाशा’चे फलक आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. बलबीर पाशाला एड्स होणार का, एवढाच प्रश्न त्यावर होता, आणि तो लोकलच्या डब्यांत, पानाच्या टपऱ्यांवर चर्चिला गेला. त्यावर टीकाही झाली. पण त्या फलकांनी एक गोष्ट साधली. जो विषय कोणी उच्चारत नव्हते, तो एका काल्पनिक माणसाच्या नावाने बोलण्याची सोय झाली. मात्र फलक प्रश्न विचारू शकतो. फलकाला प्रश्न विचारता येत नाही. दिवसभराच्या कामानंतर एखाद्या तरुणाच्या मनात जी शंका येते, ती त्याने कोणाजवळ बोलावी?

येथे ‘पीअर एज्युकेटर’ येतो. शासकीय कागदांत त्याला समवयस्क शिक्षक म्हणतात. आम्ही त्याला सोबती म्हणतो, कारण वयापेक्षा काम आणि खोली समान असणे येथे महत्त्वाचे आहे. हा डॉक्टर नव्हे, समाजसेवक नव्हे, मुकादमही नव्हे. तो त्याच चौकटीवर बसणारा, त्याच हातगाडीला खांदा लावणारा माणूस आहे. त्याला काही दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि त्यानंतर तो पुन्हा आपल्या कामावर जातो. त्याचे शिक्षणाचे काम दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, रात्री अंथरूण पसरताना, ट्रकचे टायर बदलताना होते.

हा विचार आमचा नाही. कोलकात्याच्या सोनागाचीत १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांच्या प्रेरणेने, आणि सांगलीत ‘संग्राम’ संस्थेच्या कामातून, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या मैत्रिणींना शिक्षण दिले आणि देशाला या मार्गाची ताकद दाखविली. मुंबईत समलिंगी पुरुषांमध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ने १९९४ पासून अशाच विश्वासावर काम उभे केले. परंतु ‘सर्वसाधारण’ म्हणविल्या जाणाऱ्या कामगार पुरुषाला आपण या विषयाच्या कक्षेत आहोत असेच वाटत नव्हते. त्याच्यापर्यंत जाणारी वाट शोधण्याचे दोन महत्त्वाचे प्रयत्न आपल्याच परिसरात झाले, आणि आम्ही त्यांचे विद्यार्थी आहोत.

पहिला प्रयत्न देवनारमध्येच असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा. या शतकाच्या पहिल्या दशकात या संस्थेने अमेरिकेतील कनेक्टिकट विद्यापीठाच्या सहकार्याने ईशान्य मुंबईच्या वस्त्यांत ‘रिश्ता’ नावाचा संशोधन प्रकल्प राबविला. पुरुषांना एचआयव्हीविषयी काय वाटते हे विचारण्याऐवजी संशोधकांनी पुरुषांना कशाची काळजी वाटते हे विचारले. उत्तर आले, ‘गुप्तरोग’. या एका शब्दाखाली पुरुष पुष्कळ गोष्टी ठेवतात : जखम, पू, जळजळ ही खरी संसर्गाची लक्षणे, आणि त्यासोबत धातू जाण्याची भीती, अशक्तपणा, लग्नानंतर आपण कमी पडू ही चिंता. एचआयव्हीचा विचार त्यांच्या मनात दूर कोठेतरी होता. गुप्तरोगाची चिंता रोज रात्रीची होती. त्या चिंतेवर उपाय ते शोधीत होते वस्तीतील वैद्य, हकीम आणि खाजगी डॉक्टरांकडे. म्हणून प्रकल्पाने त्या चिकित्सकांनाच प्रशिक्षण दिले, आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रात पुरुषांसाठी स्वतंत्र दवाखाना चालविला. ज्या दारावर माणूस स्वतःहून थाप मारतो, तेच दार उघडावे, ही त्यांची शिकवण होती.

दुसरा प्रयत्न ‘यारी-दोस्ती’. ब्राझीलमधील प्रोमुंडो संस्थेने तरुण पुरुषांसाठी तयार केलेला अभ्यासक्रम पॉप्युलेशन कौन्सिल आणि चेंबूरच्या ‘कोरो’ या संस्थेने मुंबईच्या वस्त्यांसाठी नव्याने घडविला. वस्तीतलेच तरुण गटप्रमुख झाले. सुरुवातीच्या टप्प्यात सुमारे सव्वाशे तरुण त्यात होते. आठवड्यातून एकदा जमायचे आणि बोलायचे. विषय केवळ निरोधाचा नव्हता. खरा मर्द कोणाला म्हणावे, ‘नाही’ म्हणणाऱ्या स्त्रीचे ऐकावे का, मित्रांच्या चिडवण्याला भिऊन आपण काय काय करतो, असे विषय होते. पुढे वस्त्यांत ‘सोच सही, मर्द वही’ हे घोषवाक्य गाजले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, या गटांतील मुंबईच्या तरुणांनी शेवटच्या संबंधावेळी निरोध वापरल्याचे सांगण्याची शक्यता तुलनेच्या गटापेक्षा सुमारे दुपटीने अधिक आढळली. हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे, म्हणून ते थोडे हातचे राखूनच मोजावे. तरीही दिशा स्पष्ट आहे. मर्दपणाची कल्पना बदलल्याशिवाय पाकिटातला निरोध पाकिटातच राहतो.

या दोन्ही धड्यांवर आमचे सोबती काम करतात. सोबती निवडताना आम्ही प्रारंभी एक चूक केली. जे धीटपणे बोलतात, पुढे होऊन नाव नोंदवतात, त्यांना आम्ही निवडले. थोड्याच दिवसांत लक्षात आले की, बोलका माणूस ऐकणारा असतोच असे नाही, आणि ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याच्याजवळ कोणी मन मोकळे करीत नाही. आता आम्ही खोलीतल्या माणसांना दोन साधे प्रश्न विचारतो : गावी जाताना तुमची पेटीची किल्ली तुम्ही कोणाजवळ ठेवता? आणि घरून वाईट निरोप आला तर पहिल्यांदा कोणाला सांगता? ज्याचे नाव पुन्हा पुन्हा येते, तो बहुधा अबोल, वयाने मधला, कोणाच्या फारसा नजरेत न भरणारा असतो. तोच आमचा सोबती.

प्रशिक्षणात तो शिकतो ते फार अवघड नाही. एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंधांतून, बाधित रक्तातून व दूषित सुईतून, आणि आईकडून बाळाला होऊ शकतो. एका ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने, एकच संडास वापरल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही. जननेंद्रियावर जखम किंवा अन्य लैंगिक आजार असेल तर लागणीचा धोका वाढतो, म्हणून त्या आजाराचा उपचार हाही प्रतिबंधच आहे. लागण झाल्यानंतर काही आठवडे तपासणीत ती न दिसण्याचा संभव असतो, म्हणून एकदा नकारात्मक आलेला अहवाल योग्य मुदतीने पुन्हा पडताळावा लागतो. निरोध कसा वापरावा हे तो लाकडी नमुन्यावर दाखवायला शिकतो, आणि पहिल्यांदा दाखवताना बहुतेक सगळेच हसतात. ते हसू आम्ही थांबवीत नाही. हसून झाल्यावरच खरे प्रश्न येतात.

अवघड असते ते पुढचे. कोणी आपली गोष्ट सांगू लागला की ‘कोठे गेला होतास’ असे विचारायचे नाही. ‘कोणत्या बाईकडे’ असेही विचारायचे नाही, कारण ती बाई असेलच असे नाही. पुरुषांचे पुरुषांशीही संबंध असतात, आणि ते सांगण्याचे धैर्य आपल्या एका भुवईच्या हालचालीने मोडू शकते. उपदेश करायचा नाही, औषध सुचवायचे नाही, रोगाचे नाव घ्यायचे नाही. ऐकायचे, जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगायचे, आणि म्हणायचे, ‘चल, मी सोबत येतो.’ आणि कानांवर पडलेले दुसऱ्या कोणालाही, आम्हांलाही, नावानिशी सांगायचे नाही.

बंधु-भगिनींनो, एवढे ऐकून सोबत्यांचे जाळे विणले की काम फत्ते, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही, आणि दात्यांपुढे अर्धेच सत्य ठेवणे आम्हांला शोभणार नाही. भारतासह पाच देशांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्र होते चेन्नई, आणि तेथे दारूच्या दुकानांत जमणाऱ्या पुरुषांमधून लोकमान्य सोबती निवडून त्यांच्या तोंडून संदेश पोहोचविला होता. ज्या ठिकाणी सोबती होते आणि ज्या ठिकाणी नव्हते, त्या दोन्ही ठिकाणी जोखीम जवळपास सारखीच घटली. याचा अर्थ सोबती निरुपयोगी असा काहींनी लावला. आम्ही तो वेगळा लावतो. त्या प्रयोगात दोन्ही ठिकाणच्या लोकांना माहिती, तपासणी, समुपदेशन आणि लैंगिक आजारांवरील उपचार मिळत होते. जेथे हे सगळे मिळते तेथे माणसे बदलतात. आमच्या वस्त्यांत मात्र प्रश्न असा आहे की, हे सगळे असूनही ते माणसाच्या हाती लागत नाही. सोबती हा पूल आहे. पुलाच्या पलीकडे पक्का किनारा नसेल तर पूल बांधणारा लोकांना पाण्यात ढकलतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही. ते आमच्याच दारात शिकलो, आणि आज ते आपल्यासमोर कबूल करणे हे आमचे कर्तव्य आहे.

काम सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. जरीच्या एका कारखान्यातील आमच्या सोबत्याने तिशीच्या आतील एका कारागिराला तपासणीसाठी तयार केले. कित्येक रात्रींच्या बोलण्यानंतर तो माणूस एक दिवसाची मजुरी सोडून आला. त्याच्या हातात आम्हीच छापलेली चिठ्ठी होती, आणि तिच्यावर आम्हीच ठळक अक्षरांत ‘गुप्तरोग तपासणी’ असे छापले होते. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी होती. आतून चिठ्ठी वाचून मोठ्याने विचारणा झाली, ‘गुप्तरोगवाले कोण?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. सकाळपासून शेकडो कागद हाताखालून गेले होते. पण त्या रांगेत कारखान्याच्या गल्लीतली माणसे होती. तो कारागीर काही न बोलता रांगेतून बाहेर पडला आणि निघून गेला. थोड्याच दिवसांत त्याने ते काम सोडले आणि खोलीही सोडली. त्याला लागण होती की नव्हती, त्याला उपचार मिळाले की नाहीत, त्याची पत्नी कशी आहे, हे आम्हांला आजतागायत कळलेले नाही.

आमचा सोबती पुढे कितीतरी दिवस आमच्याकडे आला नाही. आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आम्हांला चहा पाजला आणि एवढेच म्हणाला, ‘साहेब, तुमची चूक तुमच्या खिडकीवर राहिली. मी तर त्यांच्यातच झोपतो.’ त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून एक माणूस आला होता. त्या विश्वासाचे भांडवल त्याचे होते, ते उधळले आम्ही.

त्यानंतर आम्ही जे बदल केले ते लहान आहेत आणि त्यांना फारसा खर्च लागला नाही. आधी सुचले नाहीत, एवढीच आमची खंत आहे. चिठ्ठीवर आता केवळ एक क्रमांक असतो. तपासणीचे नाव ‘पुरुष आरोग्य तपासणी’ असे आहे; तेथे रक्तदाब, साखर, खोकला, कंबरदुखी, डोळे हे सारे पाहिले जाते, त्यामुळे त्या रांगेत उभे राहिल्याने कोणाविषयी काहीही सिद्ध होत नाही. हा दवाखाना संध्याकाळी कारखाने सुटल्यावर आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चालतो. एचआयव्हीची तपासणी आधी नीट समजावून, संमती घेऊनच होते, आणि अहवाल बंद दाराआड त्या एकट्यालाच सांगितला जातो. लागण आढळली तर शासकीय एआरटी केंद्रापर्यंत पहिल्या खेपेला आमचा माणूस सोबत जातो. आणि प्रशिक्षण आता सोबत्यांच्या आधी आमच्याच कर्मचाऱ्यांना मिळते, पहारेकऱ्यापासून केसपेपरच्या खिडकीपर्यंत सर्वांना.

गुप्तता ही केवळ सौजन्याची बाब नाही. तिच्यावर माणसाची भाकरी अवलंबून असते. याच शहरात एका सार्वजनिक उपक्रमातील रोजंदारी कामगाराला, तो एचआयव्हीबाधित आढळला म्हणून, काम नाकारले गेले होते. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जो कामगार काम करण्यास सक्षम आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ या कारणाने काम नाकारता येणार नाही. त्या कामगाराचे नाव निकालपत्रातही नाही. न्यायालयाने त्याला नाव झाकून दाद मागू दिली. पुढे एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, उपचार, शिक्षण, निवास यांत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. संमतीविना तपासणी आणि परवानगीविना उघड वाच्यता यांनाही मनाई केली. शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांत, आणि आरोग्यसेवेच्या बाबतीत वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांत, तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. परंतु माळ्यावरच्या कारखान्यात दहा जण असतात. तेथे तक्रार अधिकारी नसतो. तेथे कायदा पोहोचतो तो आमच्या सोबत्याच्या तोंडून, जेव्हा तो शेठला नम्रपणे सांगतो की, हा माणूस औषधावर आहे, काम करू शकतो, आणि याच्या ताटात जेवून मला काहीही झालेले नाही. अर्थात हेही तो तेव्हाच सांगतो, जेव्हा त्या माणसाने स्वतः तशी परवानगी दिलेली असते.

यापुढील आमची मागणी लहान आहे. संध्याकाळच्या दवाखान्याला एक डॉक्टर, एक समुपदेशक आणि एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ नियमित हवा. कार्यकर्ते बदलत राहिले तर विश्वास दर वेळी शून्यापासून सुरू होतो. प्रशिक्षणाच्या दिवसांची सोबत्यांची बुडालेली मजुरी भरून द्यावी लागते. गरिबाकडून फुकटची समाजसेवा मागणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. आणि हे अनुदान एका वर्षापुरते नको. वर्षभरात येथील खोल्यांतली निम्मी माणसे बदलतात, सोबतीही गावी जातात, आणि नव्याने आलेल्या मुलाला तोच प्रश्न पुन्हा पहिल्यांदा पडतो. या कामाच्या दाराला देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लावता येणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. ज्या दात्यांनी हे जाणूनही आजवर साहाय्य केले, त्यांचे ऋण आम्ही येथे त्यांचे नाव न घेता मान्य करतो.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एक विनंती. आपल्या घरातील कोणी पुरुष दूर गावी, दूर शहरात कामाला असेल, तो घरी येईल तेव्हा त्याच्यावर संशय घेऊ नका आणि त्याला प्रश्नांनी घेरू नका. ‘आपण दोघांनी एकदा सगळी तपासणी करून घेऊ या’ एवढेच म्हणा, आणि सोबत चला. १०९७ या मोफत राष्ट्रीय मदत क्रमांकावर नाव न सांगताही माहिती विचारता येते. अहवाल काहीही आला तरी आज तो आयुष्याचा शेवट नाही. वेळेवर औषध सुरू केलेली आई निरोगी बाळाला जन्म देऊ शकते, आणि नियमित औषध घेणारा पिता आपल्या मुलांची लग्ने पाहू शकतो.

शेवटी पुन्हा त्या सोबत्याकडे वळतो. काही महिन्यांनी तो परत आला. आपणहून आला, आणि एकटा आला नाही. दोघे जण त्याच्यामागे उभे होते. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठीवरचा क्रमांक पाहिला, मान हलविली आणि बसायला सांगितले. कोणी काही विचारले नाही, कोणी वळून पाहिले नाही. रुग्णालयाच्या त्या दिवसाच्या नोंदवहीत दोन क्रमांक वाढले, याखेरीज काहीही घडले नाही. आमच्या दृष्टीने त्या वर्षातील तो सर्वांत मोठा दिवस होता. त्याचेही छायाचित्र आमच्याकडे नाही.